कोपरमावशी आणि वरचं दार

धरणावरच्या माणसांनी तिचं खरं नाव कधीच मोडीत काढलं होतं. सगळे तिला कोपरमावशी म्हणत. सकाळी कामावर आली की ती आधी धरणाखालच्या काठावर उतरायची, बाही सरकवायची आणि नदीत कोपर बुडवायची. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तशी. शेजारीच तापमानाचं यंत्र होतं.

"यंत्रावर विश्वास नाही का, मावशी?" कुणीतरी विचारायचंच.

"आहे की. पण यंत्राने कुठे मूल न्हाऊ घातलंय?"

धरणाला दोन दारं, ती उघडायची-मिटायची हे मावशीचं काम. खालच्या दारातून तळाचं पाणी यायचं, हाडं गोठवणारं. वरच्या दारातून उन्हाने तापलेलं. वर्षानुवर्षं खालचंच दार चाललं आणि या नदीचा मूळचा मोठा, ठिपक्यांचा मासा अंडी घालायचं विसरला. उन्हाळा आलाय हेच त्याला कळेना. या वर्षी माशांचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी कचेरीचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे वरचं दार उघडलं. नदी उबदार झाली. धरणाखालच्या डोहात, बुडालेल्या पोकळ ओंडक्यात, एका मादीने अंडी घातली आणि ती चालती झाली. राखणीला बाप बसला.

"हा खात नाही, पीत नाही," बाई सांगत. "नुसता परांनी वारा घालत बसतो. गाळ बसला की अंडी गुदमरतात ना. पण पाणी एकदम गार झालं की याचा धीर सुटतो. मग घर टाकून जातो, आणि अंडी गेली."

सगळ्या नदीत सापडलेलं हे एकच घरटं. तेव्हापासून मावशीचा जीव त्या ओंडक्यात अडकला. दुपारी केबिनच्या छतावर पाण्यावरून आलेल्या उजेडाची जाळी हलायची. चहाचा कप हातात तसाच राहायचा आणि तिला वाटायचं, आपणच तळाशी बसलोय, वरून कुणीतरी उजेड सोडतंय. लेक परगावी नोकरीला होती. 'जेवलीस का' हे दिवसातून एकदाच विचारायचं, असा तिने आईला दंडक घातला होता. उरलेली काळजी मावशीने माशाच्या नावावर करून टाकली होती.

एका सकाळी साहेबांचा फोन आला.

"मावशी, तलाव फार उतरलाय. वरचं दार आता हवा ओढायला लागेल. ते बंद करा, खालचं उघडा. दोन बटणांचं काम."

"साहेब, अंडी अजून फुटली नाहीत."

"ठाऊक आहे हो. बाईंनी सकाळपासून कान खाल्लेत. पण तलावाला कोण समजावणार?"

"मग संध्याकाळपर्यंत वेळ द्या. बटण नको, हातचाकाने करते. वरचं जरासं मिटायचं, खालचं जरासं उघडायचं. झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढतात ना, तसं."

"दार आहे ते, मावशी. पोर नाही." साहेब म्हणाले. "माझी मुलगी तर हात काढला की जागी व्हायची."

"तुम्ही ओढत असाल."

साहेब हसले. "बरं. पण दिवस मावळायच्या आत दार मिटायला हवं."

मदतीला तिने नवऱ्याला बोलावून घेतलं. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, हाताचा हलका. तो वरच्या चाकाशी, ती खालच्या.

"किती फिरवू?"

"पापणी मिटते तेवढं."

"अगं, हे लोखंड आहे!"

"म्हणूनच म्हणते. आता थांबा. नदीला कळू देऊ नका."

चाक फिरायचं, थांबायचं. गार पाणी उबदार पाण्यात शिरत होतं, डुलकीत स्वप्न शिरतं तसं. दुपार लांबत गेली. आपण चाक फिरवतोय की चाक आपल्याला, हे मावशीला समजेनासं झालं. डोळ्यांपुढे लहानपणची लेक आली. तिची घामेजली मान, तिच्याखाली बधिर झालेला आपला हात, आणि अंधाऱ्या खोलीत श्वास ऐकत पडून राहणं. हात निघाला हे त्या हातालाही कळू नये, असं ते काढणं.

"जेवून घे," नवरा म्हणाला. "तो तिकडे उपाशी, तू इकडे उपाशी. नातं तरी काय तुमचं?"

"ओंडका बघून आले की जेवते."

ऊन पिवळं झालं तेव्हा वरचं दार मिटलं. मावशी काठावर उतरली, तिच्या मागे डबा घेऊन नवरा. तिने कोपर बुडवलं. पाणी गार होतं, पण चावत नव्हतं. डोहाच्या खडकावर बाई पालथ्या पडून काचेच्या तळाच्या पेटीतून पाण्यात बघत होत्या. त्या बाजूला सरकल्या. मावशी आडवी झाली.

ओंडक्याचं तोंड काळंभोर. काही हलेना. तिच्या श्वासाने काच धुकटली, तिने ती पदराने पुसली. मग त्या काळोखातून गाळाचा एक लहानसा ढग बाहेर आला आणि विरला. थोड्या वेळाने दुसरा.

"वारा घालतोय," बाई पुटपुटल्या.

मावशीने मान वर केली नाही. एक हात मात्र मागे पसरला. नवऱ्याने त्यात डबा ठेवला.

"नदीला कळलं नाही वाटतं," तो म्हणाला.

"हळू बोला," ती म्हणाली, आणि जराही आवाज न करता तिने डब्याचं झाकण काढलं.