ओब्दुलियाची पिन

हलापा शहरातल्या त्या प्रयोगशाळेत ओब्दुलियाचं काम एकच, अंड्यांना खिडक्या पाडायच्या. कवचाला नखाएवढं भोक पाडायचं आणि आतल्या इवल्या जिवाच्या चोचीशी औषधात भिजवलेला मणी ठेवायचा. मग चोच जुळत नाही, दुभंगते. डोकं घडतं कसं ते कळायला आधी ते बिघडवून बघायचं, अशी त्या लोकांची रीत!

"पिल्लांचे तळतळाट लागतील गं बये," सासू तोमासा म्हणायची. ओब्दुलिया हसायची.

पुढं तिलाच दिवस गेले. एप्रिलात भरदुपारी सूर्यग्रहण लागणार होतं. सकाळीच सासूनं तिच्या पोटाला लाल पट्टा बांधला, त्याला सेफ्टी पिन टोचली.

"काढलीस तर याद राख. ग्रहण पोराचा ओठ खातं."

"ओठ केव्हाच जुळला असेल, सासूबाई."

"हो हो, मोठी आली डॉक्टरीण!"

कामावर नेमकी बारीक सुई मोडली. अंडी उघडी पडलेली, दुसरी सुई शोधणार कोण? ओब्दुलियानं पट्ट्याची पिन काढली, ज्योतीवर धरली आणि त्या पिनेनंच अंड्यातला पापुद्रा फाडला. बाहेर सगळे काळे चष्मे लावून आभाळाकडं बघत होते. पिन टेबलावरच राहिली.

ऑगस्टात सेल्सो जन्मला. वरचा ओठ पार नाकापर्यंत दुभंगलेला.

पोराला दूध ओढता येईना, चमच्यानं घातलेलं नाकातून बाहेर यायचं. ओठ शिवता येईल, पण आधी बाळ अंग धरू दे, असं डॉक्टर म्हणाले. अहो, दूध टिकेल तर अंग धरेल ना! सासूनं शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. तिनं पिनेविना पडलेला पट्टा पाहिला आणि बोलणंच टाकलं.

शेवटी ओब्दुलिया पोराला घेऊन प्रयोगशाळेच्या मुख्य अरिस्मेंदीबाईंपुढं उभी राहिली. कोंबडी, मासा, सरडा, साऱ्यांची डोकी तपासण्यात त्या बाईंचं उभं आयुष्य गेलेलं.

"ग्रहणात पोटावरची पिन काढली म्हणून झालं का हो, बाई?"

"वेडी की काय! ग्रहणाच्या कितीतरी आधी ओठ जुळतो. नव्या पोरींना तूच शिकवतेस."

"ठाऊक आहे. मग कशानं झालं?"

बाईंनी चष्मा काढला. "अंड्यातलं सांगते, कारण तिथं मीच बिघडवते. तुझ्या सेल्सोचं नाही गं सांगता येत."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

सेल्सोला पुन्हा ठसका लागला. ओब्दुलियानं शालीच्या टोकानं त्याचं नाक पुसलं.

"मग पिनेचंच कारण राहू द्या मला, बाई," ती म्हणाली. "निदान ती तरी मी काढली होती."