गोळीबरोबर आलेली नदी

आमची शाळा लातुरात डाळमिलांच्या रस्त्याला आहे. तुरीचा हंगाम सुरू झाला की हवेत पिवळसर भुकटी तरंगते. ती खिडकीच्या गजांवर बसते, हजेरीपटावर बसते आणि माझ्या छातीत तर हक्कानं बसते. शिंका आणि दमा दोन्ही लहानपणापासूनचे. पण त्या वर्षी भूगोल शिकवताना एकेक वाक्य दोन-तीन श्वासांत तोडावं लागायला लागलं, तेव्हा मी छातीच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर माझ्यापेक्षा वयानं लहान, हळू बोलणाऱ्या बाई. त्यांनी रोज संध्याकाळी घ्यायची एक गोळी लिहून दिली आणि सगळं नीट समजावलं. बरं वाटलं तरी मधेच सोडायची नाही, एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, आणि अचानक दम लागला तर या गोळीचा काही उपयोग नाही, त्यासाठी पंप पर्समध्ये हवाच. झोपेत किंवा मनात काही वेगळं वाटलं तर लगेच कळवा, असंही त्यांनी सांगितलं. मी मान डोलावली. पुढं पंपाचं तेवढं लक्षात राहिलं.

आठवड्याभरात श्वास मोकळा झाला आणि त्याच सुमारास नदी आली.

माझं माहेर नांदेडचं. गोदावरीचं पाणी बघतच मी वाढले. लातुरात मात्र नळाला पाणी कधी येईल याची वाट बघत संसार झाला. आणि आता स्वप्नात ती सगळी गोदावरी आमच्या गल्लीतून वाहायला लागली होती. अगदी सावकाश. पाणी इतकं नितळ, की तळाला रस्त्यावरचे खड्डे दिसायचे. शेजाऱ्यांच्या निळ्या टाक्या होड्यांसारख्या डुलत जायच्या. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या देवणी गाई गुडघाभर पाण्यातून चालत वर्गात यायच्या, बाकांमध्ये उभ्या राहायच्या, आणि मी त्यांना नकाशा दाखवायचे. जाग आल्यावरही पावलं ओली असल्यासारखी वाटत.

सकाळी चहा पिताना मी हे सासूबाईंना सांगायचे. सासूबाईंना मी मामी म्हणते. त्या देवणीजवळच्या खेड्यातल्या, गुरांमध्ये वाढलेल्या. गाईचं शिंग कसं होतं, कान कसे होते, असं खोदून विचारायच्या आणि ऐकताना त्यांचा चहा निवून जायचा. माझे यजमान नोकरीनिमित्त नांदेडला असतात, शनिवारी येतात. घरात आम्ही दोघीच. ती स्वप्नं आमच्या दोघींची झाली होती. संध्याकाळी गोळी घेताना मला उत्सुकता वाटायची. हा गोळीचा परिणाम असेल, अशी पुसटशी शंका मला आली होती. पण डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बंद होईल आणि नदी जाईल, म्हणून मी ती शंका बाजूला सारली.

महिना-दीड महिन्यानं पाणी गढूळ झालं. आता ते गळ्यापर्यंत यायचं. विशेष म्हणजे मला भीती वाटत नसे. तिथंच राहावंसं वाटे. दिवसाही ते माझ्याभोवती असल्यासारखं झालं. मुलांचे आवाज लांबून यायचे. मेथी निवडताना कारण नसताना डोळे भरायचे. एका दुपारी वही विसरलेल्या मुलीवर मी केवढ्यांदा तरी आवाज चढवला. ती मुलगी रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. घरी येऊन मी मामींना काहीच सांगितलं नाही. स्वप्नं सांगणंही बंद केलं होतं.

एका शनिवारी यजमान कामामुळं आले नाहीत. त्या रविवारी सकाळी मामींनी माझ्या हातातला कप घेऊन खाली ठेवला.

"पंधरा दिस झाले, तू हासली न्हाईस," त्या म्हणाल्या. "दम लागंना झालाय, ते मला दिसतंय. पर तू कुठं हाईस?"

मी खूप वेळ रडले. मग सगळं सांगितलं, ते गढूळ पाणीसुद्धा. शेवटी म्हणाले, की आजपासून गोळी बंदच करते.

"आपल्या मनानं न्हाई," मामी म्हणाल्या. "डाक्टरबाईला इचार. आत्ताच."

त्यांच्या थोरल्या भावानं दम्याचं औषध असंच स्वतःच्या मनानं सोडलं होतं आणि चार दिवसांनी त्याला जीपमध्ये घालून उदगीरला न्यावं लागलं होतं. ती गोष्ट त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली.

मी फोन केला. रविवार असूनही डॉक्टरांनी लगेच बोलावलं. मामी बरोबर आल्या. डॉक्टरांनी स्वप्नांबद्दल विचारलं, रागाबद्दल विचारलं, आणि मग सरळ विचारलं, की जगणं नकोसं वाटतं का. मी म्हणाले, "पाण्यातून बाहेर नाही आले तरी काय बिघडेल, असं वाटतं." स्वतःच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा कुठं मला भीती वाटली. मामींनी माझा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही.

डॉक्टर रागावल्या नाहीत. या गोळीनं काही जणांना असं होतं, यात तुमचा दोष नाही, असं म्हणाल्या. गोळी त्याच दिवशी थांबवली. तिच्याऐवजी रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा वेगळा पंप दिला आणि तो घेतल्यावर चूळ भरायला सांगितलं. अचानकच्या दम्यासाठीचा जुना पंप पर्समध्ये तसाच राहिला. आठवडाभर त्या रोज फोनवर माझी चौकशी करत होत्या, आणि मी एकटी राहणार नाही एवढं बघायला त्यांनी मामींना सांगितलं होतं. यजमान रजा टाकून आले.

पाणी हळूहळू ओसरलं. काही आठवड्यांनी साधी झोप लागायला लागली, सकाळी काहीही न आठवणारी. खोटं कशाला बोलू, मला चुकल्यासारखं झालं. वर्गात त्या मुलीची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. ती लाजली आणि वहीत तोंड खुपसून बसली.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही तिघं माहूरला गेलो. देवीच्या पायऱ्या चढताना मी तीनदा थांबले आणि मामी पाच वेळा. वर वाऱ्यात धुकं सरकत होतं, खालचं जंगल मधेच दिसायचं, मधेच नाहीसं व्हायचं. मामी दगडावर टेकून धापा टाकत मला म्हणाल्या, "जा तू फुडं, मी येती." मी गेले नाही. त्यांच्या शेजारी बसले आणि दोघींचा श्वास सारखा होईपर्यंत धुक्याकडे बघत राहिले.