भाऊसाहेबांचा बडग्या

आमचे हे महानगरपालिकेची निवडणूक हरले, आणि त्या पराभवाला ह्यांच्याखेरीज अख्खं नागपूर जबाबदार होतं.

मतदार नालायक होते. ऊन जास्त होतं. मतदानाच्या दिवशी मी वांग्याची भाजी केली होती (ती ह्यांना अपशकुनी आहे, हे मला निकालानंतर कळलं!). आता भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी, आमच्या महाल भागातल्या झोपलेल्या बायकांना दार ठोठावून उठवायचं आणि "ताई, लक्ष असू द्या" म्हणून हात जोडायचे, असा उमेदवार कशानं पडतो हे मला चांगलं ठाऊक होतं. पण मला विचारतो कोण? नाचता येईना, अंगण वाकडं! शेवटी फिरून फिरून ह्यांनी सगळं खापर एका माणसाच्या डोक्यावर फोडलं. तो माणूस म्हणजे ह्यांच्याच पक्षाचे शहराध्यक्ष भाऊसाहेब.

भाऊसाहेबांचं चुकलं नव्हतं असं नाही. आमच्या चौकातल्या सभेत ते बोलायला उभे राहिले आणि बोलण्याच्या भरात म्हणाले, "समोरचा उमेदवारही काही परका नाही, आपल्याच डोळ्यांसमोर वाढलेला गुणी पोरगा आहे!" लोकांनी अध्यक्षांचा शब्द मानला आणि त्या गुणी पोराला निवडून दिलं.

त्या खेपेला पक्षाचं पार पानिपत झालं. मग काय, पडलेला एकेक जण धूळ झटकून उठला आणि भाऊसाहेबांवर तुटून पडला. रोज पेपरात कोणाचं ना कोणाचं पत्रक. 'अध्यक्षांनी राजीनामा द्यावा!' 'अध्यक्षांनीच पक्ष बुडवला!' ह्यांनीही चांगलं चार पानी पत्रक लिहिलं आणि सायकल हाणत पेपरच्या कचेरीत नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'अन्य काही जणांनीही नाराजी व्यक्त केली आहे.'

"अन्य?" हे पेपर आपटून ओरडले. "चार पानं लिहिले मी, अन मी अन्य?"

"नाव नाही आलं तेच बरं झालं, वामन," सासूबाई आतून म्हणाल्या. "सुनेची नोकरी त्या माणसाच्या हातात आहे, आठवते का तुले?"

ते मात्र खरं होतं. मी भाऊसाहेबांच्या संस्थेच्या मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवत होते. टेम्पररी! दर उन्हाळ्यात कामावरून काढायचे, दर पावसाळ्यात परत घ्यायचे, छत्रीसारखं. त्या वर्षी कधी नव्हे तो मला पर्मनंट करायचा कागद तयार झाला होता आणि भाऊसाहेबांच्या सहीसाठी त्यांच्या टेबलावर जाऊन पडला होता. मी रोज देवाला सांगत होते, बाबा रे, एवढी सही होईपर्यंत ह्यांचं तोंड बंद ठेव.

देवानं ऐकलं. ह्यांनी तोंड बंद ठेवलं आणि बडग्या काढायचं ठरवलं!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत, म्हणजे गावाची रोगराई-पीडा घेऊन जाणाऱ्या बाईचा मोठा पुतळा, निघते आणि तिच्यासोबत निघतात बडगे. ज्याचा म्हणून राग असेल त्याचा पुतळा करायचा, "ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत!" अशी आरोळी ठोकत गावभर मिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. महागाईचा निघतो, मच्छरांचा निघतो, पुढाऱ्यांचा तर हमखास निघतो.

"पेपरवाले नाही छापत ना?" हे म्हणाले. "आता अख्खं नागपूर पाहील! तू फक्त कोट शिवून दे."

"मी? अहो, शुद्धीवर आहात का? माझा कागद आहे तिथं!"

"कोट कोणी शिवला हे का कोटावर लिहून राहते?"

मी साफ नाही म्हटलं. तर हे स्वतः माझ्या मशीनवर बसले. दोन सुया मोडल्या, बाही गळ्याला जोडली आणि वर मला विचारतात, "बरोबर दिसते ना?" मला काही ते बघवेना. मी ह्यांना उठवलं आणि बसले. (इथंच माझा घात झाला. माणसाला कला असू नये!) जुन्या छत्र्यांचं काळं कापड उसवून मी भाऊसाहेबांचा तो प्रसिद्ध बंद गळ्याचा कोट असा शिवला, की त्यांच्या शिंप्यानं पाहिला असता तर दुकान बंद केलं असतं. आत तणस भरली, पोट आणलं. डोकं करायचं काम गल्लीतल्या पांडुरंग पेंटरकडे होतं. त्यानं माठाला कागद चिकटवून ते रंगवलं आणि म्हणाला, "डोकं मी ऐन वेळेवर आणतो वहिनी. आधी दाखवलं तर मजा जाते."

मारबतीच्या दिवशी सकाळी हे हातठेला आणायला गेले. बिनडोक्याचा बडग्या समोरच्या खोलीत भिंतीला टेकून उभा होता. मी करंज्यांचं ताट घेऊन बाहेर आले, तर दारात साक्षात भाऊसाहेब!

नाराज लोकांची समजूत काढायला ते सणाच्या निमित्तानं घरोघरी फिरत होते, हे मला काय माहीत?

"नमस्कार बाई! वामनराव कुठं गेले?" असं म्हणत ते आत आले आणि थबकले. "अरे वा! बडग्या?"

"हो... हो साहेब."

"कोणाचा?"

मी करंज्यांचं ताट त्यांच्यापुढं केलं. महागाईचा म्हणावं तर अंगात कोट. मच्छराचा म्हणावं तर हे एवढं पोट. डोक्यात दुसरं काही येईचना.

"ह्यांचा!" मी म्हणाले.

"कोणाचा?"

"आमच्या ह्यांचा, साहेब. निवडणूक हरले ना... वस्ती म्हणाली, वॉर्डाची खरी पीडा तर हेच आहेत. ह्यांनाही ते पटलं."

भाऊसाहेब मटकन खुर्चीवर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते हो!

"बाई," ते म्हणाले, "तीन महिने झाले, जो उठते तो मलेच शिव्या देते. आपलेच दात अन आपलेच ओठ, सांगू कोणाले? अन हा एक माणूस पाहा! स्वतःचा बडग्या स्वतःच काढून राहिला!" मग त्यांनी डोळे पुसले आणि पुतळ्याकडे निरखून पाहिलं. "पण वामनराव तर काडीपैलवान आहेत. अन हे पोट?"

तेवढ्यात आतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "वात आहे त्याले, लहानपणापासून! कपड्यात दिसत नाही!"

धन्य ती माउली! त्या दिवसापासून मी त्यांना एका शब्दानं उलटून बोलले नाही. (त्यांनी मात्र ह्याचा पुरेपूर फायदा घेतला.)

"अन कोट?"

"हौस, साहेब. तुमच्यासारखा कोट घालायची फार हौस आहे ह्यांना."

"शिवला मात्र बेस आहे."

"मीच शिवला!" मी बोलून गेले. जीभ चावली, पण शब्द केव्हाच निसटला होता.

"तुमचा कागद माझ्या टेबलावर आहे बाई. उद्या शाळेत या, सही करून टाकू," असं म्हणून भाऊसाहेब उठले आणि त्यांनी बाह्या सारल्या. "चला, आता मीही येतो मिरवणुकीत. अशा कार्यकर्त्याच्या पाठीशी नाही उभं राहायचं तर अध्यक्ष कशाले म्हणायचं?"

आ बैल मुझे मार! मी काही बोलायच्या आत हे ठेला ढकलत दारात हजर. भाऊसाहेबांना पाहून ह्यांचा रंगच उडाला. भाऊसाहेबांनी मात्र पुढं होऊन ह्यांना कडकडून मिठी मारली.

"वामनराव, छाती आहे बुवा तुमची! असा बडग्या काढायले हिंमत लागते!"

हे आधी चाचरले. मग हळूहळू ताठ झाले. "खरं बोलायले कोणी तरी पाहिजेच ना, भाऊसाहेब. मनात ठेवून काय फायदा?"

"मी तर म्हणतो, सगळ्यांनीच तुमच्यासारखं करावं!"

"सगळ्यांनी?" ह्यांना भरूनच आलं. बाजूला येऊन माझ्या कानात म्हणतात, "अवं, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस आहे! अन मी काय काय लिहिलं त्याच्याबद्दल!"

आता सांगायचं तरी कोणाला आणि काय? ह्यांना सांगावं तर हे तिथंच बोंब मारणार, भाऊसाहेबांना सांगावं तर कागद गेला. मी मनाशी म्हटलं, डोकं नाही तोवर भीती नाही. बिनडोक्याचा पुतळा कोणाचाही असू शकतो.

मिरवणूक निघाली. पुढं भाऊसाहेब, शेजारी हे, मागं ठेल्यावर बडग्या आणि त्याच्या मागं जीव मुठीत धरून मी. इतवारीच्या बाजाराच्या तोंडाशी आलो आणि पाहते तर गर्दीतून वाट काढत पांडुरंग पेंटर येतोय. डोक्यावर पेपरात गुंडाळलेलं डोकं!

मी धावले. "पांडुरंगभाऊ, डोकं नका लावू!"

"काहून?"

"मग सांगते, पण नका लावू!"

"तीन दिवस खपलो मी वहिनी! बिनडोक्याचा पुढारी कोण पाहील?"

तसे पुढारी लोक रोज पाहतात, हे त्याला सांगायला वेळ कुठं होता! तो टुणकन ठेल्यावर चढला आणि डोकं बसवून मोकळा झाला. आणि काय डोकं होतं हो ते! तेच नाक, त्याच मिशा, तोच चष्मा, तीच तिरपी टोपी. भाऊसाहेबांच्या घरच्यांनीही वाकून नमस्कार केला असता.

मी झटकन हातातली छत्री उघडली आणि त्या तोंडापुढं धरली. पण हात पुरेना, म्हणून ठेल्यावर चढले. लोकांना वाटलं, बाई बडग्याच्या डोक्यावर छत्र धरून राहिली! टाळ्या! शिट्ट्या! माझ्या वर्गातल्या दोन मुली फुटपाथवरून ओरडल्या, "अगं, आपल्या बाई!" मी छत्री डावीकडे केली की उजवीकडचे हसायचे, उजवीकडे केली की डावीकडचे. पुढं भाऊसाहेब आणि मागंही भाऊसाहेब! हसून हसून लोकांचे डोळे गळायला लागले. भाऊसाहेबांना वाटलं, आपल्या आरोळीला दाद मिळते आहे. त्यांनी आवाज आणखी चढवला.

"पक्ष बुडवणाऱ्याले..." हे ओरडायचे.

"घेऊन जा गे मारबत!" भाऊसाहेब बेंबीच्या देठापासून साथ द्यायचे.

शेवटी एका पानठेलेवाल्याला राहवलं नाही. "भाऊसाहेब, जरा मांगं तर पाहा जी!"

भाऊसाहेब वळले.

त्यांनी बडग्याकडे पाहिलं. अभिमानानं फुललेल्या ह्यांच्याकडे पाहिलं. मग छत्री धरून ठेल्यावर उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढं तो कागद टराटरा फाटत होता. नोकरी गेली, आता हीच छत्री घेऊन घरी जायचं, असं वाटून मला रडूच कोसळलं.

पण माणूस मुरलेला! त्यांनी आपली टोपी काढली, बडग्यापुढं मान लववली आणि गर्दीकडं वळून हात वर केला.

"नागपूरकर हो! पक्ष हरला, त्याले जबाबदार मी आहे! दुसऱ्यांनी माझा बडग्या काढायच्या आधी मीच काढून आणला! जाळा त्याले, अन जुनं सारं विसरा!"

जो काही गजर उठला म्हणता! लोकांनी भाऊसाहेबांना खांद्यावर घेतलं. हेही खांद्यावर घेणाऱ्यांत होते, आणि रडत होते. बडग्याला आग भाऊसाहेबांनी स्वतःच्या हातानं लावली. माझा कोट भुर्रकन जळाला.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर भाऊसाहेबांचा फोटो. 'अध्यक्षांनी स्वतःच्याच बडग्याची मिरवणूक काढली!' पत्रकवाल्या नाराजांची तोंडं आपोआप बंद झाली. बातमीच्या शेवटी लिहिलं होतं, 'या वेळी अन्य कार्यकर्तेही उपस्थित होते.'

मी शाळेत गेले ती शिलाईची कात्री आणि टेप परत करायच्या तयारीनं. भाऊसाहेबांनी बोलावून घेतलं. समोर कागद, हातात पेन.

"बाई, खरं सांगा. माझं पोट एवढं आहे?"

आता लपवायचं काय राहिलं होतं? "थोडं कमीच घेतलं साहेब. कापड पुरलं नाही."

भाऊसाहेब असे हसले की टेबल हाललं. आणि हसता हसता त्यांनी सही केली! मी पर्मनंट झाले! आनंदाच्या भरात मला वाटलं, देणारा प्रसन्न आहे तर ह्यांचंही काम करून घ्यावं.

"साहेब, पुढच्या खेपेला ह्यांच्या तिकिटाचं..."

"वामनरावांच्या?" भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "कसं जमणार बाई? वॉर्डाची खरी पीडा तेच आहेत म्हणते ना वस्ती? तुम्हीच तर सांगितलं."

घरी आले तर हे दारातच उभे.

"झालं काय काम?"

"झालं. पर्मनंट!"

"वा! अन माह्या तिकिटाचं काढलं काय?"

"काढलं. म्हणाले, वस्तीतून विरोध आहे."

"विरोध? माह्या वस्तीतून?" ह्यांच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. "कोण आहे तो घरभेदी? नाव सांग मले! उद्याच त्याच्याविरुद्ध पत्रक काढतो!"

आतून सासूबाईंना जोराचा ठसका लागला. मी पदर खोचला आणि मुकाट्यानं पोळ्या लाटायला बसले. इतकी वर्षं झाली, हे अजून त्या माणसाला शोधताहेत. तुम्हाला कुठं भेटले तर कृपा करून बोलू नका, मला अजून त्यांच्याच घरात राहायचं आहे!