बाबालाल मिस्त्रींचं हलकं इंजिन

बाबालाल मिस्त्री कुठलीही वस्तू आधी उचलून बघत. भोपळा असो, कुणाचं बाळ असो, नाहीतर नव्या नवरीची ट्रंक असो. पहिल्या भेटीत त्यांनी काखेत हात घालून मलाच उचललं. "मास्तर, तुमच्यात हाडं सोडून काय हाय की न्हाई?" मी शाळेतला मास्तर, मला रागच आला. पुढे तीच हाडं त्यांच्या कामी आली.

ते संस्थानाचे दिवस. गादीवर महाराज होते आणि सरदारांच्या दारात विलायती मोटारी. मिस्त्री शिवाजी पेठेतल्या आपल्या शेडमध्ये त्या दुरुस्त करत. एकदा एका सरदारांनी सुनावलं, "दुरुस्ती वेगळी, मोटार बनवणं वेगळं. ते आपल्या लोकांचं काम नव्हे." मिस्त्रींच्या ते जिव्हारी लागलं. भर पेठेत ते बोलून गेले, "सरकार, दोन मानसं घिऊन माझी मोटार तुमच्या आदी पन्हाळा चढंल. न्हाई चढली तर ह्या हातात पुन्हा पाना धरनार न्हाई."

घरात खाणारी आठ तोंडं आणि हा माणूस असं बोलतो! मला तर झोप लागेना.

सागवानी सांगाडा झाला, वर पत्रा चढला. पण इंजिन कुठलं? अख्खी पेठ सल्ला द्यायला हजर, आणि सगळ्यांचं एकच: मोठं बसवा. मिस्त्रींनाही मोह पडला. मोडक्या लॉरीचं धूड आणून बसवलं, तर पुढची चाकंच फाकली. मिस्त्रींनी ते गुळाच्या काट्यावर चढवलं. बाकी सगळ्या गाडीपेक्षा ते एकटं जड भरलं.

"मास्तर, इंजान आदी सोताला वढतंय, मग गाडीला. ज्याचं त्यालाच वज्जं झालंय, त्यो आपल्याला काय वढनार?"

मग भंगारातल्या फटफटीचं दोन सिलिंडरचं इंजिन आलं. मिस्त्रींना ते एकट्याला उचलता आलं, तेवढ्यावर पास झालं. पेठ हसली. "मिस्त्री, मोटार हाय का शिवायचं मशीन?"

शर्यतीला शेजारी बसायला त्यांनी मला निवडलं. का, ते सांगायला नको. सपाटीवर सरदारांची मोटार धुरळा उडवत दिसेनाशी झाली. "मिस्त्री, संपलं!" मी म्हणालो.

"घाट तर येऊ द्या की वो!"

घाट आला. तिसऱ्या वळणावर ती भली मोठी मोटार वाफा सोडत उभी होती आणि ड्रायव्हर पाणी शोधत होता. आमच्या इंजिनाला पाणी लागतच नव्हतं, वाऱ्यावर निवायचं ते. तडतडत आम्ही पुढे गेलो. मी टोपी उडवून ओरडलो, मास्तरकी साफ विसरलो. आयुष्यात इतका आनंद मला पुन्हा झाला नाही.

सरदार तासाभराने वर पोचले. आमच्या गाडीभोवती दोनदा फिरले. "काय रे, आहे तरी काय हिच्यात?"

"उचलून बगा की, सरकार."

सरदार तालमीत घुमलेले. त्यांनी फेटा सावरला, मागून दोन्ही हात घातले आणि मागची चाकं जमिनीवरून सुटली. जमलेल्या लोकांसमोर ते मोकळेपणाने हसले. "बनवलीस, बाबालाल. मोटार बनवलीस."

मिस्त्रींनी कमरेचा पाना काढून तळहातावर तोलून बघितला आणि परत खोचला.