पेन हुंगणारे अण्णा

आमच्या पेडगावच्या घरात लिहायचं साधन म्हणजे एक पेन्सिल, आणि तीही तुकड्यांत. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आम्हा तीन भावंडांसाठी विळ्यावर तिचे तीन तुकडे केले होते. माझा तुकडा एवढा झिजला की शेवटी मी तो ज्वारीच्या धांड्यात खोवून धरायची. कागद यायचा तो गुळाच्या पुडीचा. आई-दादा दोघंही अंगठा उठवणारे, त्यामुळे 'लिवणं' आमच्याकडं देवाच्या खालोखाल होतं. पाटीला पाय लागला तर आई मला नमस्कार करायला लावायची आणि वर स्वतः पाटीची समजूत काढायची, "लेकरू हाय, माफ कर माय."

हे सांगायचं कारण, मी आता पेनांवर ब्लॉग लिहिते. निवृत्त शिक्षिकेनं लिहायचंच तर पाककृती लिहाव्यात, असं सुनेचं मत होतं. मी पेन, शाई, वह्या, खोडरबर यांवर लिहिते. दर गुरुवारी एक वस्तू. वाचणारे मोजके आहेत, पण चिवट आहेत. त्यांतल्या एकानं परवा विचारलं, "ताई, तुम्ही हे असं तोंडावर लिहायला कुठं शिकलात?" परभणीत शिकले. कचेरीच्या भिंतीला टेकलेल्या एका लाकडी खोक्यासमोर. त्या खोक्यात अण्णा बसायचे. पेन दुरुस्त करायचे आणि विकायचेही.

अण्णा पेन हातात घेतला की आधी हुंगायचे. डोळे मिटून, खरबूज पारखावं तसं. मग निदान सांगायचे. "यात दोन शाया मिसळल्यात." "ह्यो पेन भाकरीच्या डब्याजवळ राहतो." एकदा एका वकिलांचा पेन हुंगून म्हणाले, "साहेब, सुपारी कमी करा."

"माझ्या सुपारीचा तुम्हाला काय त्रास?"

"मला न्हाई. ह्येच्या टोपणाला. चावू चावू चिरा पडायल्यात त्याला."

मी पहिल्यांदा गेले ती रडकुंडीला येऊन. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच. दादांनी पोखर्णीच्या जत्रेतून कौतुकानं पेन आणला होता, आणि त्यानं माझ्या दोन साड्यांपैकी एकीवर जांभळं तळं केलं होतं. अण्णांनी पेन हुंगला, निब अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली.

"कुणाला देतीस ह्यो?"

"मैत्रिणीला दिला होता. एकदाच."

"एकदा न्हाई. लय वेळा. आन ती डावखुरी हाय."

मैत्रीण खरोखर डावखुरी होती. अण्णा निब घासता घासता म्हणाले, "बैल द्यावा पोरी, पेन देऊ नये. बैल परत आला की चार दिवसांत आपला होतो. पेन दुसऱ्याचा हात शिकून येतो."

हे नुसतं बोलणं नव्हतं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला एक काळा पेन असायचा. अण्णांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतून झालेलं. दुकानातलं सगळं मराठीत, पण घरची पत्रं आणि स्वतःची टिपणं ते त्या काळ्या पेनानं उर्दूत लिहीत, उजवीकडून डावीकडं. मॅट्रिकपासूनचा पेन. त्याला कुणी हात लावायचा नाही. कचेरीतला कारकून "अण्णा, जरा सहीला पेन" म्हणाला की ते खोक्याला सुतळीनं बांधलेला बॉलपेन पुढं सरकवायचे, तोंड दुसरीकडं फिरवून. बॉलपेनला ते पत्रावळ म्हणत. "जेवा आन फेका."

खोक्याच्या झडपेला आतून काळा रंग दिलेला होता. झडप वर उचलून टेकवली की तिचा फळा व्हायचा. त्या फळ्यावर दर गुरुवारी अण्णा खडूनं एका पेनाची हकीकत लिहायचे. अक्षर असं की रस्त्यानं जाणारा वाचूनच पुढं जावा. "नवा पेन आला. दिसायला नवरदेव. शाई पिऊन झोपतो. घेऊ नये." खाली: "आमच्याकडे मिळेल." गिऱ्हाईक गोंधळायचं. विकायचाय की नाही? अण्णा म्हणायचे, "विकायचं माझं काम. सांगायचंबी माझंच काम. ऐकायचं का न्हाई, ते तुमचं."

त्या नवरदेवाच्या कंपनीचा विक्रेता एकदा औरंगाबादहून आला. टाय बांधलेला, घामाघूम. मी तिथंच निब घासून घ्यायला बसले होते.

"अण्णा, ते पुसा हो. साहेबांनी वाचलं तर माझी नोकरी जाईल."

"पुसतो की. तुमीच तुमचा पेन चालवून दाखवा. एक ओळ लिवा, ह्यो मी फडकं घेऊन उभा."

विक्रेत्यानं पेन झटकला. झटकला म्हणजे अण्णांच्या सदऱ्यावर निळे ठिपके उठले, कागदावर मात्र काही नाही. मग त्यानं विषय बदलला, "बरं, मागणी काय लिहू?" आणि खिशातून मागणीची वही काढून लिहायला लागला. बॉलपेननं. अण्णांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं. विक्रेत्यानंही आपल्या हाताकडं पाहिलं आणि तो स्वतःच हसायला लागला. पुढच्या गुरुवारी फळ्यावर ओळ वाढली: "विकणारा माणूस चांगला. पेन तोच."

ते नामांतराच्या वादाचे दिवस होते. बंद, मोर्चे, निवेदनं. खोक्यासमोर कुणीतरी अण्णांना डिवचलं, "काय अण्णा, विद्यापीठाला नाव द्यायचं का नाही?" अण्णा मान वर न करता म्हणाले, "ज्या माणसानं जलमभर पुस्तकं उशाला घेतली, त्याचं नाव विद्यापीठाला नको, तर काय तपकिरीच्या डबीला द्यायचं?" काही गिऱ्हाइकं त्या दिवसापासून तुटली. अण्णांनी शब्द मागं घेतला नाही, आवाजही चढवला नाही.

त्या गडबडीत माझी बी. ए.ची शेवटची परीक्षा दोनदा पुढं गेली. इकडं देवगाव फाट्याकडचं एक स्थळ दादांनी थोपवून धरलं होतं. तिसरी तारीख लागली तेव्हा ते म्हणाले, "परीक्षा दोनदा फिरली, पाव्हणे आता थांबायचे न्हाईत. या खेपेला पास झालीस तर तुझ्या मनानं शिक. न्हाई झालीस तर हळद." त्यात राग नव्हता. गावानं बोलून बोलून त्यांना जेरीस आणलं होतं. पण दादांचा शब्द म्हणजे शब्द, हे मला माहीत होतं.

आणि हेच दादा पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी माझा पेन मागून घेऊन पोखर्णीला नरसिंहाच्या पायांवर ठेवायला गेले. संध्याकाळी आले ते खुशीत. पेन फडक्यात गुंडाळलेला, वर हळद-कुंकू. मी तो तसाच कपाळाला लावून पिशवीत ठेवला.

सकाळच्या एसटीत बोटाला मुंगी चावली. मग दुसरी. पाहते तर पिशवीत मुंग्यांची रांग लागलेली, आणि रांग पेनात चाललेली. पेन उघडला तर आत शाई नाही, पांढरट चिकट काहीतरी. शेजारी मला सोडायला आलेले दादा बसले होते. अभिमानानं म्हणाले, "पंचामृत हाय. पुजाऱ्यानं हातावर दिलं, मी पेनात वतलं. मी पिऊन काय उपेग? लिवणार तर ह्यो हाय!"

परभणीत उतरून आम्ही दोघं धावतच अण्णांकडं गेलो. पेपर अकराला, आणि दहा वाजून गेले होते. अण्णांनी पेन हुंगला, डोळे उघडले, पुन्हा हुंगला. "दही, दूध, तूप, मध, साखर. पोरी, ह्यो पेन न्हाई, नैवेद्य हाय." मग दादांना म्हणाले, "पाटील, शिरा राहिला व्हता, त्यो का न्हाई भरला?"

दादांचा चेहरा उतरला. "चुकलं का माझं?"

"भक्ती बराबर हाय. भोक बारीक हाय."

पेन गरम पाण्यात पडला. तूप निघायला दोन दिवस लागतील, म्हणाले. मी म्हटलं, "नवा द्या एखादा."

"नवा पेन नव्या नवरीवाणी असतो, आठ दिवस तोंड उघडत न्हाई. तीन तासांच्या पेपराला नवा पेन? येडी का काय!"

"मग बॉलपेन द्या." माझे डोळे भरून आले होते. "अण्णा, आज नापास झाले तर माझं शिक्षण संपलं."

अण्णांनी दादांकडं पाहिलं. दादा खाली बघत होते. मग अण्णांनी खिशाचा काळा पेन काढला आणि माझ्या हातात दिला. "लिव तुझं नाव."

लिहिलं. निब कागदाला ओरखडत होती. इतकी वर्षं उजवीकडून डावीकडं चाललेली ती, माझ्या बाजूला येईना. अण्णांनी पेन परत घेतला. मला वाटलं, आता खिशाला लावतील. त्यांनी घासायचा दगड पुढं ओढला, त्यावर थेंबभर पाणी टाकलं आणि त्या निबेची धार उतरवायला लागले. मी म्हटलं, "अण्णा, मग तुम्हाला त्यानं लिहिता येणार नाही."

"घासताना बोलू नाई."

तीनदा घासली, तीनदा माझ्याकडून नाव लिहवून घेतलं. चौथ्यांदा ती पाण्यासारखी चालली. "जा. मैत्रिणीला देऊ नको."

मी सगळे पेपर त्याच पेनानं लिहिले. निकाल लागल्यावर पेन परत द्यायला गेले, दादाही पेढे घेऊन सोबत होते. अण्णांनी कागदावर उर्दूत एक ओळ लिहून पाहिली. पेन अडला, शाई उडाली. त्यांनी टोपण लावून तो माझ्यापुढं ठेवला. "ह्यो आता तुझ्या दिशेनं चालतो. मला काय कामाचा?" त्या गुरुवारी फळ्यावर होतं: "दुरुस्तीला आलेला पेन: तीर्थ प्यालेला. बरा आहे. पेडगावची पोरगी: बी. ए. पास. ती जास्त बरी आहे."

पुढं पत्रावळींनी बाजार भरला. विद्यापीठाला नाव लागलं तेव्हा मी अण्णांना सांगायला गेले, तर भिंतीजवळ खोकं नव्हतं. शेजारचा टंकलेखक म्हणाला, "उन्हाळ्यात गेले." झडप कुणीतरी चुलीला नेली असेल. मी विचारलं नाही.

आता कंपन्या मला पेन पाठवतात, चार शब्द चांगले लिहा म्हणतात. मी आधी हुंगते. मग गुरुवारी लिहिते: दिसायला नवरदेव, घेऊ नये. सुनेनं एकदा सहीसाठी काळा पेन मागितला, तिला मी बॉलपेन दिला.

माझ्यामागून दोन्ही भावंडं शिकली. देवगाव फाट्याच्या पाव्हण्यांना दादांनी स्वतः जाऊन नकार कळवला. पेडगावच्या आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. दादांना सही करायला मी शिकवलं, अण्णांच्या त्याच काळ्या पेनानं.