खणलेलं गवत

मी चौथीपर्यंत शिकले. मुलगी डॉक्टर झाली, पण गवताची. आमच्या अग्रहार आळीतल्या बायका विचारायच्या, "अक्का, म्हणजे गाईची डॉक्टर का?"

"नाही," मी सांगायची, "गाय खाते त्याची."

तिचं काम असं. हुणसूर गावाच्या पुढे माळाचा एक तुकडा तिने मागून घेतला होता. अर्धा दर उन्हाळ्याआधी पेटवायचा, अर्धा तसाच ठेवायचा आणि पावसानंतर कुठे काय उगवतं ते बघायचं. कॉलेजातली नोकरी कच्ची. हे काम तडीला गेलं तर पक्की होणार, नाहीतर घरी. चाळिशी उलटलेली, लग्न केलं नाही, दुसरं काही तिला येत नाही.

पेटवायच्या दिवशी मीही जायची. आधी कडेची पट्टी खरवडून मोकळी करायची, मग आग वाऱ्याच्या उलट चालवायची, म्हणजे ती हळू सरकते. तंबाखूच्या शेतातून लोक ओरडायचे, "अय्यो, अम्मा, लेकीला आवरा!" ती राख तोंडाला फासून हसायची. तेवढीच काय ती हसायची.

यंदा पावसात गेलो तर माळभर खड्डे. प्रत्येक खड्ड्यात एक रोप, भोवती हिरवी जाळी. जमीन पडीक आहे असं समजून कोणीतरी यंत्राने खणून झाडं लावली होती. माळाचा राखणदार खुशीत पुढे आला. "मॅडम, बघा! तुमचंच काम केलं. तुम्ही झाडाझुडपांच्याच ना?"

मी पदर खोचला आणि एक रोप उपटलं. "चल, सगळी उपटू."

तिने माझा हात धरला. "आई, राहू दे. जाळलेलं गवत परत येतं. खणलेलं येत नाही. मुळंच गेली."

"मग आता?"

"आता काही नाही."

कॉलेजने नोकरीचं पुढचं वर्ष दिलं नाही. ती अजून सकाळी लवकर उठते, अंघोळ करते, डबा भरते आणि ओट्याशी उभी राहते. दुपारी तोच डबा आम्ही दोघी घरात खातो. मी समजूत घालत नाही. घालायला काही नाही.

परवा शेजारीण हुणसूरहून आली. म्हणाली, "अक्का, तो उजाड माळ किती छान हिरवा केलाय हो!"

मुलगी आतच होती. मी दार लावून घेतलं.