चौकातल्या कॅमेऱ्याला रामराम

सकाळी दूध घेऊन परतताना नाना चौकात थांबायचे. पिशवी डाव्या हातात घ्यायचे, खांबावरच्या कॅमेऱ्याकडे मान वर करायचे आणि उजवा हात कपाळाला लावायचे. "रामराम साहेब. हजर हाय."

कुणी हसलं की म्हणायचे, "आरं, कुनीतरी आपल्याला बघतंय. वळख दाखवाया नको?"

कोपरगावच्या एसटी स्टँडवर ते कंट्रोलर होते. सगळी नोकरी माइकसमोर गेली. "शिर्डीला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी." निवृत्त झाले, बायको वारली, मुलगी सुरतेला दिलेली. घरात नाना आणि त्यांचं ते 'नोंद घ्यावी' एवढंच उरलं.

तुमच्या गावाचाही मोबाईलवर ग्रुप असेल, आणि त्यात रोज लिहिणारा एक जण असेलच. आमच्यात ते नाना होते. ग्रुप मी काढलेला, ॲडमिनही मीच. जुने ट्रॅक्टर घेऊन विकणं हा माझा धंदा. पहिला ट्रॅक्टर भंगारातून उचलून मी स्वतःच्या हातांनी उभा केला, कुणाचा आधार घेतला नाही. ग्रुपही गिऱ्हाईक मिळावं म्हणूनच काढला होता.

नाना त्यात रोज पुकारा करायचे. कालव्याला पाणी सुटले आहे. उद्या दिवसभर वीज नाही. अमक्यांच्या मातोश्री वारल्या, अंत्यविधी दहा वाजता. सर्वांनी नोंद घ्यावी. आणि मी ट्रॅक्टरचा फोटो टाकला की खाली त्यांचं असायचंच: 'इंजिन एकदा उघडलेले आहे. नोंद घ्यावी.'

माझं डोकं फिरायचं. "नाना, माझं गिऱ्हाईक कशाला मोडता?"

"मोडत न्हाई शेठ. गाडी कुठल्या फलाटाला लागली ते नुस्तं सांगतो."

मग शेजारच्या तालुक्यात मोबाईलवरच्या कुठल्याशा फोटोवरून भांडण पेटलं. पोलीस ठाण्यात सगळ्या ग्रुपच्या ॲडमिनना बोलावलं. हवालदार म्हणाला, "कुणी काहीही टाकलं तरी धरणार ॲडमिनला. सेटिंग बदला. फक्त ॲडमिन लिहील, बाकीचे वाचतील." मी तिथल्या तिथे बदललं.

दुसऱ्या दिवशी नाना दुकानात हजर. "शेठ, माझं लिव्हलेलं जाईना." मी समजावलं. त्यांनी खिशातून वहीचा कागद काढला. "मग तूच पुकार."

तेव्हापासून रोज कागद यायचा आणि मी तो ग्रुपवर लिहायचो. नाना खांद्यावरून वाकून बघायचे. "दोन टिका उमटल्या का? म्हंजी पोचलं. मंग च्या सांग."

एके दिवशी कागदावर होतं: 'चौकातला कॅमेरा कोण बघतो, पोलीस की पंचायत? चित्र किती दिवस ठेवतात? रामराम पोचतो का? ग्रामसभेत खुलासा व्हावा. नोंद घ्यावी.'

"हे नाही टाकणार."

"शिवी हाय का त्यात?"

"नाही."

"खोटं हाय?"

"नोटीस माझ्या नावावर येईल, नाना."

"बरं, रामराम खोडतो. बाकीचं टाक."

उभ्या आयुष्यात मी घासाघीस केल्याशिवाय सौदा केलेला नाही. त्या दिवशी मात्र म्हणालो, "एकच भाव. नाही."

त्याच आठवड्यात माझं ट्रॅक्टर विक्रीचं इंटरनेटवरचं पान कंपनीने बंद केलं. 'नियमांचा भंग झाला आहे. निर्णय अंतिम आहे.' कुठला नियम, ते नाही. अर्ज केला, तर तेच उत्तर. फोन केला, तर यंत्र बोलतं. घासाघीस करून मी कुणालाही खाली आणतो हो, पण समोर माणूस तर पाहिजे! तो राग अजून माझ्या पोटात आहे. दुकानात येईल त्याला ऐकवायचो: ही कसली लोकशाही, आम्ही बोलायचंच नाही का?

नाना तोच कॅमेऱ्याचा कागद घेऊन स्टुलावर बसून सगळं ऐकत होते. मग शांतपणे म्हणाले, "त्यांनी तुजं त्वांड बंद केलं तर अन्याव. आन् तू माजं केलं, तर ती शिस्त व्हय?"

मी भडकलो. "निघा! परत कागद घेऊन यायचं नाही."

त्यांनी कागदाची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि चहा न घेता गेले.

आठ दिवसांत भांडण निवळलं. बाकीच्या गावांनी ग्रुप उघडले. मी नाही उघडला. खरं सांगतो, बरं वाटत होतं. माझ्या फोटोखाली 'इंजिन उघडलेले आहे' लिहिणारं कुणी नव्हतं. दोन ट्रॅक्टर पटापट गेले.

नाना पुन्हा आले नाहीत. मला वाटलं, रुसले असतील, येतील आपोआप. आणि एका सकाळी ते दुधाला आले नाहीत, म्हणून गवळ्याने दार वाजवलं. झोपेतच गेले होते.

लोकांना श्रद्धांजली वाहता यावी म्हणून मी ग्रुप उघडला. दिवसभर जोडलेल्या हातांची रांग लागली. अंत्यविधीची वेळ मात्र कुणीच लिहिली नाही. मीही नाही. ते काम नानांचं होतं. निम्मं गाव उशिरा पोचलं.

चार-पाच दिवसांनी माझ्या आवारातून एक बॅटरी चोरीला गेल्याचं ध्यानात आलं; कधी गेली, कुणास ठाऊक. कॅमेऱ्याचं चित्र बघायला पंचायतीत गेलो. ऑपरेटर मागे-मागे नेत होता, आणि पडद्यावर नाना आले. हातात दुधाची पिशवी. कपाळाला हात लावला. मग खिशातून तो कागद काढला, चष्मा चढवला आणि मान वर करून कॅमेऱ्याला वाचून दाखवू लागले. आदल्या दिवशीही तेच. त्याच्या आदल्या दिवशीही. बाजूने मोटरसायकली जात होत्या.

"आवाज वाढव," मी म्हणालो.

"शेठ, ह्याला आवाज न्हाई. नुस्तं चित्र."

"हे रोज कोण बघतं?"

"कुनी न्हाई. चोरी झाली तरच बघत्यात. पंधरा दिवसांनी आपोआप पुसतंय."

पडद्यावर नानांचं वाचून झालं. शेवटचे दोन शब्द मला ओठांवरून ओळखू आले. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली, आणि दोन टिका उमटतात का ते बघावं तसे वर बघत उभे राहिले.